टोक नसलेला पंख

दोरीवर माझा निळा स्कर्ट नव्हता. आई नळाखाली पाण्याचा गुंड लावून उभी होती, तिच्या मागे दोरीवर तिची हिरवी साडी, तिचा परकर, एक पंचा, आणि पुढे नुसती दोरी. सकाळी मीच पिळून, झटकून, दोन चिमटे लावून तो स्कर्ट वाळत घातला होता. मी हातातला पंख डोळ्यांसमोरून खाली घेतला. स्कर्ट होता! जागच्या जागी, पाणी गाळत, निळाशार. पंख पुन्हा डोळ्यांसमोर धरला. आई, गुंड, साडी, परकर, पंचा, दोरी. चांद्याचं एप्रिलमधलं ऊन पांढरं असतं, त्यात वस्तू वितळल्यासारख्या दिसतात, हे मला ठाऊक आहे, मी काही आज जन्मले नाही. पण वितळणारी वस्तू हळूहळू जाते. स्कर्ट गेलेला नव्हता. त्या दोरीवर तो कधी नव्हताच. आणि आई ज्या तऱ्हेनं उभी होती ना, एका पायावर भार टाकून, चेहऱ्यावर काहीच न ठेवता, तशी ती मी घरात असताना कधी उभी राहत नाही. मी घरात असले की तिच्या चेहऱ्यावर माझ्यासाठी काही तरी असतंच, निदान राग तरी.

पंख माझ्या विमानाचा. दहावीची परीक्षा मार्चात संपली, निकाल जूनमध्ये, मधला वेळ अख्खा माझा, आणि मी ठरवलं होतं की सहसा कोणी करत नाही असं विमान करायचं. इंजिन नसलेलं, हातानं सोडायचं, हवेवर तरंगत जाणारं. आमच्या श्रीहरी सरांनी (शाळेत तीन चौधरी सर आहेत, म्हणून यांना नावानंच म्हणतात) एका मासिकातलं चित्र मला दाखवलं आणि दोन दिवस मला दुसरं काही सुचेना. चित्रातल्या विमानाच्या पंखाला टोकच नव्हतं! म्हणजे बघा, खालचा पंख नाकाजवळून निघून मागे झुकत जातो, वरचा पंख शेपटीवरून निघून पुढे झुकत येतो, आणि कडेला दोघं एका उभ्या पट्टीनं एकमेकांना जोडलेले. समोरून बघितलं तर लांबट चौकट. वरून बघितलं तर पतंगासारखा चौकोन, पण मधे रिकामा. साध्या पंखाच्या टोकाशी खालची हवा वर पळते, तिचा भोवरा होतो, आणि तो भोवरा विमानाला मागे ओढत राहतो. टोकच ठेवलं नाही तर हवा पळणार कुठून? साठ वर्षांपूर्वी कोणी तरी हा हिशेब कागदावर मांडून ठेवला होता आणि आत्ता कुठे परदेशात लोक तसले पंख खरोखर उडवून बघायला लागले होते. परदेशात, आणि चांद्याच्या बाबूपेठेत. माझे बाबा आलापल्लीच्या लाकूड डेपोत चौकीदार आहेत, महिन्यातून एकदा घरी येतात. येताना त्यांनी माझ्यासाठी फुलून मेलेल्या बांबूच्या कांड्या आणल्या. बांबू आयुष्यात एकदाच फुलतो, आणि फुलला की अख्खं बन उभ्याउभ्या वाळून जातं. त्याच्या कामट्या इतक्या हलक्या निघाल्या की हातात आहेत की नाहीत ते बघावं लागायचं. "मेला बांबू ठिसूळ राह्यते बाई," बाबा म्हणाले, "पन तुले त वजनच नको म्हन्ते." भाताची खळ, पतंगाचा कागद, शिवणाचा दोरा. शेजारच्या गिरजाबाई रोज कुंपणावर कोपर टेकून बघायच्या.

"काऊन वं उत्पला, इमान करून राह्यली का ताटी?"

"विमान, गिरजाबाई."

"मंग बसाचं कुठी त्याच्यात?"

"मधात. रिकामं आहे ना."

"मायबाई! मधातून त पडन ना मानूस!" आणि त्या इतक्या हसल्या की त्यांची शेळी दचकून दोर तोडायला निघाली.

माणूस पडला नाही, पण विमान उडलं. पठाणपुऱ्याच्या बाहेर, परकोटाच्या भिंतीलगतच्या उतारावरून मी ते नदीच्या वाळूवर सोडलं, आणि ते गेलं, बाप्पा, गेलंच! नाक वर झालं तरी धाडकन पडेना, जरा मान खाली घालायचं आणि पुन्हा पुढे, कोणी तरी खालून तळहात धरल्यासारखं. आवाज नाही. मी ओरडत मागे धावत होते आणि मग ओरडायचं थांबले, कारण मला त्याची सावली दिसली. वाळूवर ती विमानाच्या पुढे पळत होती आणि तिच्या मधोमध ऊन होतं. ऊन तर सगळीकडेच होतं. पण सावलीनं कुंपण घातलेलं ते ऊन निराळं दिसत होतं. भोवतीचं ऊन जागेवर होतं, हे चाललं होतं. एका गाढवाच्या अंगावरून ते गेलं आणि गाढवानं मान उचलून इकडेतिकडे बघितलं. शेवटी विमानाची उजवी कड दगडाला लागली आणि पंखात पीळ बसला. पीळ काढायचा तर पंख उकळत्या पातेल्याच्या वाफेवर धरून उलटा मुरडायचा, आणि मुरडला की डोळ्यासमोर धरून, एक डोळा मिटून, चौकटीतून आरपार बघायचं. वरची कड आणि खालची कड एकमेकींना समांतर दिसल्या पाहिजेत. म्हणून मी अंगणात उभी राहून चौकटीतून बघत होते. समोर जे असेल ते दिसणार. समोर आई होती.

आता एक सांगते, आमच्या घरात भूत नाही. म्हणजे चालत नाही. छप्पन साली आजोबांनी घरातले देव इरई नदीत सोडले, त्यांच्याबरोबर भुतंही गेली, असं बाबा म्हणतात. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, आणि त्याखाली मी, वर्गातली एकटी मुलगी जी प्रयोगशाळेतल्या हाडाच्या सापळ्याशी शेकहँड करते. आठवीपर्यंत मी फळ्यासमोर गेले की माझा आवाज जायचा. मग नववीत एकदा सरांनी विचारलेलं कोणालाच येईना आणि मला येत होतं, मी बोलले, आणि बोलतच राहिले. तेव्हापासून मला कोणी थांबवू शकलेलं नाही. त्यामुळे स्कर्टच्या बाबतीत मी घाबरायच्या आधी प्रयोग केला. डावा डोळा मिटला. उजवा मिटला. मधल्या दांडीच्या या बाजूनं बघितलं, त्या बाजूनं बघितलं. वरच्या पंखाचा कागद उन्हात चकाकतो का ते तपासलं. आईला म्हटलं, आई, माझा स्कर्ट कुठे आहे? ती वळून म्हणाली, "डोक्यावर घेशीन का आता त्याले? दोरीवर हाय ना!" आणि चौकटीतली आई? ती वळलीच नाही. गुंड भरत आलेला, ती तशीच उभी. मी खोटं सांगत नाही. आवाज एका आईचा आला आणि दुसरी आई गप्प होती. घाबरायला आमच्या घरात परवानगी नसल्यामुळे मला जे झालं त्याला माझ्याकडे नावच नव्हतं. नुसते तळहात गार पडले, त्या उन्हात.

कदाचित हे सगळं नागपूरमुळे. सर म्हणत होते, निकाल लागला की हिला नागपूरला पाठवा, सायन्सला, मुलींचं होस्टेल आहे, विमानाचं शिकायचं तर तिथून रस्ता निघतो. बाबांनी आलापल्लीहून हो म्हणून निरोप धाडला. आई काही बोलली नाही. नाही म्हणाली असती तर मी भांडले असते, मला हल्ली भांडायला फार छान येतं. पण ती नुसती गप्प, आणि माझ्या आईचं गप्प राहणं म्हणजे टेलिफोनचं गप्प राहणं. आई ट्रंक ऑपरेटर आहे, परगावचे फोन जोडून देते. दिवसभर कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, एका भोकातली दोरी काढून दुसऱ्यात. हॅलो नागपूर, हॅलो वरोरा, हॅलो गडचिरोली, बोला. तीन मिनटं झाली. मी लहानपणी खूप बडबड केली की ती पोळी लाटता लाटता म्हणायची, "तीन मिनटं झाली." लाइन खराब असली की दोन्हीकडची माणसं ओरडत राहतात आणि एकमेकांना ऐकूच येत नाहीत, तेव्हा मधल्या मधे आईच सांगते, ते म्हणून राह्यले बरे हायत, ते म्हणून राह्यले सोमवारी येते. सगळ्या जिल्ह्याचं तिच्यातून जातं आणि घरी येते तेव्हा तिच्याजवळ काही उरलेलं नसतं. रिकामं उरतं ते मी भरते. मी गेल्यावर? बाबा महिन्याला एकदा. मी गेल्यावर संध्याकाळी ती कुलूप काढेल, आणि मग? हा प्रश्न मी मला विचारला नव्हता. पंखानं विचारला, असं मी म्हणणार नाही, पंख विचारत नसतात. पण त्या चौकटीत जे होतं ते मी गेल्यावरचं घर होतं, एवढं मला दुसऱ्या वेळी कळलं.

दुसऱ्या वेळी मी मुद्दाम घरात बघितलं. आई ड्युटीवर होती, दुपार होती, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. वाफ देऊन पंख मुरडला आणि डोळ्यासमोर धरला, आणि वरच्या कडेकडे बघायचं सोडून मधे बघितलं. माझी बाज भिंतीशी उभी करून ठेवलेली. फळीवर माझी पुस्तकं नाहीत, तिथं दोन डबे. खुंटीला माझी वेणीची रिबिन नाही. सगळं झाडलेलं, नीटनेटकं, आणि ते नीटनेटकंच इतकं भयंकर होतं! आणि आई आत होती. खरी आई त्या वेळी बोर्डावर बसून वरोऱ्याला लाइन देत असणार, आणि ही इथं खाली बसून तांदूळ निवडत होती. भांगाशी केस पांढरे. एकदा तिनं हात थांबवला आणि मान जराशी कलती केली, बोर्डावर पलीकडचा आवाज बारीक असला की करते तशी. मला वाटलं मी बोलले पाहिजे. मी चौकटीतून म्हणाले, आई. तिनं थोडा वेळ ऐकलं. मग सूप पाखडलं. पंख खाली घेतला तेव्हा घर रिकामं होतं, माझी बाज आडवी, पुस्तकं पसरलेली, आणि घरात दुसरं कोणी नव्हतं हे मला बरं वाटायला हवं होतं. ते उलट झालं. मला एकदम वाटलं की भूत घरात येत नाही ते बरोबरच आहे, कारण ते बाहेर उभं राहून आत बघत असतं, आणि आत्ता बाहेर उभी राहून आत बघत होते ती मी.

आणि हे मला नवीन नव्हतं. मी पाच वर्षांची असताना आम्ही आलापल्लीला राहत होतो. डेपोत बांबूच्या थप्प्या असायच्या, दोन पुरुष उंच, रांगेनं, मधे एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट. मी एका वाटेत शिरले आणि पुढे वाट आडव्या बांबूंनी बुजलेली होती, आणि त्या बांबूंमध्ये एक लांबट फट. मी फटीपाशी बसले. आत गार होतं, वाळक्या पानाचा आणि मुंग्यांचा वास होता, बांबू आपोआप तडकायचा, तट्, आणि मग खूप वेळ काही नाही. फटीतून मला आई दिसली. ती मला शोधत होती. उत्पला, उत्पला वं, करत ती आली आणि फटीसमोर थांबली. मी हाक मारली. मला पक्कं आठवतं, मी हाक मारली, घसा दुखेपर्यंत. तिनं सरळ माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यातलं बुबुळ मला दिसत होतं. आणि मग ती तशीच पुढे गेली, उत्पला, उत्पला वं. नंतर बाबांनी मला उचलून आणलं तेव्हा सगळे म्हणाले, पोट्टी झोपली होती. मी झोपले नव्हते. मोठी होत गेले तसं मीही म्हणायला लागले की झोपले असेन. पण फळ्यासमोर माझा आवाज जायचा ना, तो तिथं गेलेला होता, त्या फटीत, आणि तो परत आला तेव्हा मला वाटलं आता ते संपलं.

संपलेलं नव्हतं. चार-सहा दिवस मी पंखाला हात लावला नाही. तो माळ्यावर उभा करून ठेवला, भिंतीकडे तोंड करून, तरी घरात कुठेही बसले की वाटायचं, आपण आत्ता आहोत ना? मी पाणी पिताना मुद्दाम भांडं वाजवून ठेवायचे. आईच्या पुढ्यात उगाच गाणी म्हणायचे. "काय भरलं हाय वं तुह्या आंगात?" ती म्हणायची, आणि मला इतका आनंद व्हायचा! शनिवारी सर सायकलवरून आले. उन्हानं लाल झालेले, टोपी काढून वारा घेत म्हणाले, "काय ठरलं उत्पला? होस्टेलची जागा मी किती दिवस अडवून ठेवू? उद्या दुपारी नदीपलीकडे माझं काम आहे, येताना येतो. हो की नाही, एवढं सांग." मी म्हणाले, "सर, अकरावी इथेही होते ना." सरांनी टोपी पुन्हा घातली, पुन्हा काढली. "इथेही होते," ते म्हणाले. "विमान कसं आहे?" मी म्हणाले, पीळ बसला आहे. ते गेले आणि मला कळलं की मी जाणार नाही आहे. मी ठरवलं असं नव्हे, ते ठरलेलं होतं. मी गेले तर ती चौकटीतली बाई खरी होईल. नाही गेले तर होणार नाही. सरळ हिशेब. आणि हिशेब इतका सरळ असून मला रडू येत होतं, जोरात, हातपाय झाडून, पाच वर्षांच्या पोरीसारखं, आणि मी रडत नव्हते.

रविवारी आई सकाळची ड्युटी करून आली. हातपाय धुतले, अंगणात लिंबाखाली बाजेवर बसली, दारातून आत माळ्याकडे बघून म्हणाली, "उतरव ते. झाला का सरळ?"

"माहीत नाही."

"काऊन? डोये फुटले का?"

मी पंख उतरवून तिच्या मांडीवर दिला. "तू बघ," मी म्हणाले. असं म्हणायचं मनात नव्हतं. "एक डोळा मीट आणि मधून बघ."

"कोनाकडे?"

"माझ्याकडे." आणि मी जाऊन दोरीपाशी उभी राहिले, ऊन डोक्यावर, पायाखाली सावली एवढीशी. आईनं पंख उचलला, चष्म्याच्या दुकानात बसल्यासारखी मान मागे घेतली, एक डोळा मिटला. चौकटीत मला तिचा उघडा डोळा दिसत होता. तो माझ्यावर होता. सरळ माझ्यावर. मी हात वर केला. डोळा हलला नाही. मी हात हलवला, दोन्ही हात हलवले. लिंबातला कावळा उडाला, गिरजाबाईंच्या शेळीनं माझ्याकडे बघितलं, सगळ्या जगाला मी दिसत होते.

"हलून नको राहू म्हन्लं तरी हलशीनच तू," आई म्हणाली, आणि मग जरा थांबून, लाइन लागत नाही हे सांगतात त्या आवाजात, "तू दिसून नाई राह्यली."

माझ्या तोंडातून आवाज निघेना. मग निघाला. "मग काय दिसतं?"

"मी."

"तू तर तिकडे बसली आहेस."

"हव. इथीबी हाय, तिथीबी हाय." तिनं पंख जरा डावीकडे सरकवला. "जेवून राह्यली मी."

"एकटी?"

"मंग? जेवाले पंचायत बसवा लागते का?"

"रडतेस?"

"नाई वं." तिनं आणखी निरखून बघितलं, आणि तिच्या ओठाच्या कोपऱ्याला काही तरी झालं. "लसनाची चटनी वाटली हाय. लाल. तुले वास चालत नाई म्हणून किती सालं झाले मी केलीच नाई ते. दोन भाकरी घेतल्या. रेडूवर गाने लावेल हायत." ती सांगत गेली आणि मी ऐकत गेले, स्कर्टची ओली कड माझ्या मानेला लागत होती. पाय पसरून बसली, म्हणाली. पुस्तक हाय एक, म्हणाली, तुह्यंच हाय वाटते, समजत नाई मले पन हाय. आणि मग तिनं मान जराशी कलती केली.

"काय झालं?"

"थांब. कडी वाजून राह्यली."

मला ऐकू आलं नाही. "कुठे?"

"तिथी. उठली मी. ताट तसंच ठेवलं, हातबी नाई धुतला."

"कोण आहे? आई, कोण आलं आहे?"

आईनं पंख मांडीवर उतरवला. ती त्या पांढऱ्या उन्हातून माझ्याकडे बघत होती, आता दोन्ही डोळ्यांनी, आणि तिच्या चेहऱ्यावर माझ्यासाठी जे असतं ते सगळं होतं. "जाशीन तवा येशीन ना वं," ती म्हणाली. "गेल्याबिगर कोनी येते का?"

तिला खरंच दिसलं, की दोन्हीकडची माणसं ओरडून थकली म्हणून ती मधल्या मधे सांगत होती, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं आणि मला दोन्हीपैकी काहीही सोसलं नसतं. पण माझ्या छातीत गेले कित्येक दिवस जे आवळून बसलं होतं ते सैल झालं आणि त्या जागी एकदम हवा आली, इतकी की मला वाटलं मी दोरीला धरून नसते तर उडाले असते. एवढ्यात समोरच्या दाराची कडी वाजली. या घराची, खरी. दोनदा.

आई हलली नाही. मीही हलले नाही. आईचा हात पंखावर होता आणि कागद बारीक फडफडत होता, वारा नसताना.

"सर असतीन," आई म्हणाली.

"सरच असतील," मी म्हणाले. "काय सांगू?"

"मले काऊन इचारते?"

मी अंगणातून घरात शिरले. उन्हातून आत आल्यामुळे घर काळं दिसत होतं, माझी बाज, माझी पुस्तकं, काही दिसत नव्हतं, आहेत की नाहीत तेही नाही, आणि मी ती चाचपली नाही. समोर दार, दाराखाली बोटभर फट, फटीतून आलेला उन्हाचा पट्टा जमिनीवर आडवा पडलेला. त्यात कुठे कोणाच्या पायांची सावली नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं ऊन. कडी पुन्हा वाजली. माझा आवाज आहे का ते मी घशातल्या घशात बघितलं. होता.

"मी जाते नागपूरला!" मी इतक्या मोठ्यानं ओरडले की मागे कुंपणापलीकडे शेळी बें करून उठली, आणि मी दार उघडलं.